म्हणजे, कुठला परवा?

तीर्थरूप मावशीस, तुझ्या लाडक्या (आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर 'ढ') भाच्याचा लांबूनच वाकून नमस्कार. लांबूनच अशासाठी, की तुझा उजवा गुडघा हल्ली कुणी नुसतं बघितलं तरी ठणकतो, असं तू मागच्या फोनवर म्हणालीस. मलम लावतेस ना? की जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर औषधं देऊन देऊन स्वतःच्या औषधाची तेवढी सवय राहून गेली? जिना दिवसातून एकदाच उतरायचा असं आपलं ठरलं होतं. प्रत्यक्षात तू भाजीला एकदा, दुधाला एकदा आणि खालच्या मजल्यावरच्या बाईशी भांडायला एकदा उतरतेस, अशी पक्की खबर माझ्याकडे आहे. (खबर त्या बाईनेच दिली. काळजीने दिली हो, चहाडी म्हणून नाही. तिच्याशी पुन्हा भांडू नकोस.) मी इकडे ठणठणीत आहे. पोटात भूक आणि डोळ्यांवर झोप, दोन्ही तू सोडली होतीस तशीच आहेत.

हे पत्र सवयींबद्दल आहे. दुसरं काहीही मागायचं नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. लॉन्ड्रीच्या ऑफिसात मला तात्पुरतं घेतलं तेव्हा मी उत्साहाच्या भरात तुला म्हणालो होतो, की आता तू ते तीन जिने सोड आणि माझ्याकडे राहायला ये. त्यावर तू म्हणालीस, "कच्च्या नोकरीवाल्याकडे मी पाहुणी म्हणून येईन, राहायला नाही. आधी पक्का हो." आणि पक्कं होण्यासाठी तू मला सवयी सांगितल्यास, त्याही ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स असताना बोलायचीस त्याच सुरात, म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा न ठेवता. आई गेली त्या वर्षापासून मी तुझ्या हाताखाली वाढलो, तेव्हा नाही म्हणायची सवय मला तशीही नव्हतीच. मी लगेच कामाला लागलो. पुढे जे झालं ते वाचताना हसायला परवानगी आहे, फक्त चहा पिताना वाचू नकोस.

सुरुवात गजरापासून केली. घड्याळ उशाशी ठेवायचं नाही, लांब ठेवायचं, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं, हे तुझं म्हणणं मला अगदी पटलं. मी ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवलं. त्या टोकाला माझ्या पार्टनरची कॉट आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. (पार्टनर म्हणजे माझ्याबरोबर खोलीत राहतो तो, औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो.) रोज पहाटे तो शिव्या घालत उठायचा, गजर बंद करायचा आणि एकदा झोपमोड झालीच आहे म्हणून फिरायला जायचा. मी शांत झोपलेला. दुसऱ्या दिवशीचे कपडे आदल्या संध्याकाळी काढून खुर्चीवर ठेवायचे, ही तुझी दुसरी सवयही मी निष्ठेने पाळली. मी उठेपर्यंत ते कपडे घालून पार्टनर कामावर गेलेला असायचा, कारण त्याच्या हाताला तेच आधी लागायचे. महिन्याभरात त्याचं पोट उतरलं, चेहऱ्यावर तेज आलं, आणि मालकाने त्याला अख्खं दुकान सांभाळायला दिलं. तुझ्या सवयी खऱ्या आहेत मावशी, याची याहून मोठी खात्री मला नको होती. त्या फक्त चुकून दुसऱ्याच माणसाला लागल्या.

मग मी ठरवलं, की घरात जमत नाही तर ऑफिसात जमवू. काम संपल्यावर टेबल रिकामं करूनच उठायचं, हे तू थिएटरमधल्या ट्रेचं उदाहरण देऊन सांगितलं होतंस. मी एका संध्याकाळी टेबल असं काही साफ केलं, की त्यावर असलेलं सगळं, ज्याचं त्याचं, जिथे जायला हवं तिथे पाठवून दिलं. कागद फायलीत, कप मोरीत, आणि एक काळा लोकरी कोट धुण्याच्या ट्रॉलीत. तो कोट साहेबांचा होता. (आमचे साहेब म्हणजे लॉन्ड्रीचे मॅनेजर. पाठीमागे सगळे त्यांना 'वाफ' म्हणतात, कारण झाकण कधी उडेल ते सांगता येत नाही.) हात धुवायला जाताना त्यांनी तो क्षणभर माझ्या टेबलावर ठेवला होता. हॉटेलच्या टॉवेलांबरोबर गरम पाण्यात फिरून तो बाहेर आला तेव्हा स्वच्छ होता, हे कुणीही नाकारणार नाही. आता तो त्यांच्या धाकट्या पुतण्याला बसतो. साहेबांनी तो दोन बोटांत धरून माझ्यासमोर उलगडला, आणि मला वाटलं झालं, आपलं चंबूगबाळं आवरायची वेळ आली.

पण खरी मजा शेवटच्या सवयीने केली. तुझा सगळ्यात जास्त भर त्याच सवयीवर होता, की ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, मगच हलायचं. डॉक्टरांनी औषध सांगितलं की तू ते मोठ्याने परत म्हणायचीस, मग ते चिडोत, ओरडोत, हातातलं आपटोत. मला दुकानात पाठवतानाही तू दारात उभं करून वदवून घ्यायचीस आणि मी तरी साखरेऐवजी मीठ आणायचो, तो भाग वेगळा. तर फोन घेणं हेच माझं काम असल्यामुळे मी प्रत्येक वाक्य 'म्हणजे' लावून परत म्हणू लागलो. कुणी म्हणालं उद्या वीस उशा येतील, की म्हणजे उद्या वीस उशा येतील. साहेब म्हणाले चहा सांग, की म्हणजे चहा सांगायचा. चारच दिवसांत मशीनवरची मंडळी मला पोपट म्हणू लागली. मी मनावर घेतलं नाही. पण पुढे माझा खराखुरा पोपट झाला, तो असा.

एका दुपारी साहेबांच्या घरून त्यांच्या बायकोचा फोन आला. ऑफिसात तेव्हा हिशेबनीस, दोन ड्रायव्हर, रोलरवर चादरींना इस्त्री करणाऱ्या काकू, झाडून सगळे होते. मी सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात परत म्हणालो, "म्हणजे तुम्ही भांडून माहेरी निघालात, किल्ली शेजारी ठेवलीय, आणि साहेबांनी तुमच्या आईची माफी मागेपर्यंत परत यायचं नाही. बरोबर?" बरोबरच होतं. एक शब्द चुकला नव्हता. फोन ठेवून वळलो तर मागे साहेब. मावशी, झाकण उडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे ऐकायचं, हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पुन्हा पोपटपंची कानावर आली तर पक्कं होण्याचं विसर. मी मान डोलावली. (म्हणजे ऐकायचं, हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा, हे मी मनात म्हणून घेतलं.)

त्यानंतर दोनच दिवसांनी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे हॉटेलच्या खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा फोन आला. घाईत होत्या. म्हणाल्या, परवाच्या चादरी आधी पाठवा, बाकीचं मागाहून. साहेब समोरच उभे, भुवया चढवून. 'म्हणजे' अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं आणि हो मॅडम म्हणून फोन ठेवला. आता त्या हॉटेलचे आमच्याकडे दोन ढीग होते. एक त्यांनी दोन दिवसांपूर्वी धुवायला दिलेला, तो धुऊन, इस्त्री होऊन, गठ्ठे बांधून दाराशी तयार होता. दुसरा सभागृहातल्या बैठकीवर अंथरायच्या लांबलचक कोऱ्या चादरींचा, दोन दिवसांनी त्यांच्याकडे कसलंसं मोठं संमेलन होतं त्यासाठीचा, अजून मशीनमध्ये गरगरत होता. माझ्या डोक्यात संमेलनच बसलेलं. मी सगळी कामं थांबवली, इस्पितळाचे गाऊन बाजूला काढायला लावले, ड्रायर मोकळे केले, काकूंना जेवणावरून उठवलं, आणि सगळ्या लॉन्ड्रीला घाम फोडून त्या कोऱ्या चादरी संध्याकाळी हॉटेलला पोचत्या केल्या. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! वाटलं, नोकरी आता पक्की.

तिकडे हॉटेलात उतरायला आलेल्या बायाबापड्या, पोरंबाळं, सगळी दुपारभर सुटकेसवर बसून होती. खोल्यांमध्ये नुसत्या गाद्या. बाईंना गेलेल्या परवाच्या चादरी हव्या होत्या, त्याच, ज्या आमच्या दाराशी बांधून पडल्या होत्या आणि ज्यांना ठेचकाळत मी दिवसभर येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी त्या बाई स्वतः आल्या. दारातूनच सुरू झाल्या. पुढे तुमच्याकडे एक रुमालसुद्धा देणार नाही म्हणाल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हे गिऱ्हाईक गेलं तर मी तर जाणारच, पण माझ्यामागून आणखी चार-पाच जण जातील, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. काकू रोलर बंद करून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मला समोर तुझे ते तीन जिने दिसत होते आणि त्यावरून कठडा धरून उतरणारी तू.

आणि मग, मावशी, ती सवय आपली आपणच बाहेर पडली. फर्मान-बिर्मान काही आठवलं नाही. मी हात जोडून म्हणालो, "म्हणजे मॅडम, तुम्ही फोनवर 'परवाच्या' म्हणालात. मी येणारा परवा समजलो, तुम्हाला गेलेला परवा म्हणायचं होतं. असंच ना?" बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जसं काही ते आपल्या बाजूने साक्ष देणार होतं. शब्द एकच आणि दोघांचाही बरोबर. मी म्हटलं चूक माझीच, मी विचारायला हवं होतं. हेही तुझंच, की दोष कुणाचा हे शोधत बसण्याआधी पेशंटकडे बघायचं. ड्रायव्हर जागचा हलायच्या आत मीच गठ्ठे उचलून गाडीत टाकायला लागलो, काकू आल्या, हिशेबनीस आले, आणि विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, गठ्ठा उचलायला साहेबही आले. शेवटचा गठ्ठा गाडीत टाकल्यावर ते बाईंना म्हणाले, हा पोरगा विचारणारच होता, त्याचं तोंड मी बंद केलं होतं. वाफेच्या तोंडून हे ऐकताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, की यापुढे आमचा फोन ह्यानेच घ्यायचा. डोकं खातो, पण निदान परत विचारतो.

तेव्हापासून आमच्या लॉन्ड्रीत 'परवा' हा शब्द बंद आहे. 'गेलेला' किंवा 'येणारा' लावल्याशिवाय कुणी तो उच्चारत नाही, आणि ऐकलेलं परत म्हणणं सगळ्यांना सक्तीचं आहे. चहा सांगितला की चार कोपऱ्यांतून 'म्हणजे चहा' असं येतं. सगळा पिंजराच बोलायला लागला आहे. साहेबांनीही ही सवय लावून घेतली. त्यांनी सासरी फोन करून बायकोचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हणून दाखवलं म्हणे, सासूबाईंची माफीही मागितली, आणि त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. काल त्यांनी मला आत बोलावलं, हातात हात घेतला आणि म्हणाले, तू पक्का झालास. मी म्हटलं, म्हणजे मी पक्का झालो? ते म्हणाले, हो रे बाबा, झालास.

मावशी, आता हसणं बाजूला ठेवून एक लिहितो. तू मला जे दिलंस ते मी कधी तुझ्यासमोर बोललो नाही, बोललो असतो तर तू विषय बदलून मला भांडी घासायला बसवलं असतंस. रात्रपाळी करून यायचीस आणि तरी माझा अभ्यास घ्यायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा, ओरडतेस म्हणून. आज कळतं, की तू दमलेली असायचीस आणि तरी जागी राहायचीस. माझ्यात जे काही कामाचं आहे ते तुझं आहे. तुझे उपकार फेडायचे नाहीयेत मला, ते तसेच राहू देत, मला त्यांच्यात बरं वाटतं.

तुझाच,
(आता पक्का) पोपट

ता. क. पार्टनर विचारतो आहे, गजराचं घड्याळ त्याच्याकडेच राहिलं तर चालेल का. त्याला त्याच्याशिवाय करमत नाही. मी हो म्हणून टाकलं आहे, कारण तसंही मी ती खोली सोडतो आहे.

ता. क. दुसरा. वर लिहिलं की काही मागायचं नाही, ते खोटं होतं. मी दोन खोल्या बघितल्या आहेत, तळमजल्यावर. एकही पायरी नाही, मी दोनदा पाहून आलो. खिडकीपाशी तुझी कॉट मावते. भाजीवाला दारावरून जातो आणि भांडायला शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत, तुझ्या तोडीचे वाटतात. आता कच्च्या नोकरीची सबब चालायची नाही. सामान बांधायला मी येतो, तू फक्त हो म्हण.

ता. क. शेवटचा. घरमालकीण बाईंनी विचारलं, कोण कोण राहणार? मी म्हटलं, मी आणि आई. कसं कोण जाणे, तोंडातून तेच आलं. दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण मग राहू दिलं. तुला चुकीचं वाटलं तर तू येऊन त्यांना सांग. मी सांगणार नाही.