एका घरामागं एक माणूस

आय, तू गेलीस तेव्हा तुर्भ्याला कारखान्यांची धुरांडी नुकतीच दिसायला लागली होती आणि सानपाड्यापासून खाडीपर्यंत सगळी भातशेतीच होती. आता तिथं इमारती आहेत, त्यातली एक माझी. सरकारनं जमीन घेतली, बदल्यात भूखंड दिला. ज्याची जमीन जास्त त्याला भूखंड मोठा. तुझा लेक चार मजल्यांचा मालक झालाय आणि गुडघे धरून जिना चढतोय. हस खुशाल.

पण मला बोलायचंय ते साठ सालच्या आसपासचं. नारळी पुनवेची सुट्टी म्हणून मी ठाण्याच्या शाळेतून घरी आलो होतो. चौदा वर्षांचा, इस्त्रीची पँट आणि डोक्यात हवा. दुपारी उधाण आलं आणि कुणीतरी ओरडत गेलं, "बांधाला खांड परली!" बांध फुटून खाडीचं खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावाची रीतच होती, खांड पडली की एका घरामागं एक माणूस बांधावर. आपल्या घरातून नेहमी गडी जायचा. तसा तो गेलाही. तरी तू पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "चल रं."

मला लाज वाटली. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची बायको चिखल उचलणार म्हणजे काय! मी म्हटलं, "आपला मानूस गेला ना? मग झालं की." तू थांबलीस. शेजारची काकी आपल्या आधीच धावत निघाली होती, तिच्याकडं बोट दाखवलंस. "तिचं शेत केवडं, अंगनाएवडं. आपलं केवडं? बांध तुटला तं जास्ती कोनाचं बुरंल? आनि मानूस दोगांचा एकेकच? ह्यो कुटला न्याव रं?"

आजही ते आठवलं की कान गरम होतात. तोवर मला ती रीत अगदी सरळ वाटायची. नियम सगळ्यांना सारखा, मग तक्रार कसली? पण तेवढाच चिखल उचलून ती बाई स्वतःच्या अंगणाबरोबर आपली अख्खी शेती वाचवत होती. हे मला ठाण्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तू चुलीपुढून उठता उठता शिकवलंस.

आणि शिकून मी काय केलं? अंग तापलंय म्हणालो. तू कपाळाला हात लावून पाहिलास. कपाळ थंडगार होतं, तुला कळलं असणारच. चिखल वाहायची पाटी उचलून गेलीस. मी ओट्यावर बसून नारळाच्या करंज्या खाल्ल्या. तिन्हीसांजेला तू कमरेपर्यंत चिखलात माखून आलीस आणि पहिलं काय विचारलंस, तर "जेवलास का रं?" शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं. तुझी माया फार महागात पडली मला.

काकी अजून आहे. तिच्या त्या तुकड्याच्या बदल्यात काही उभं राहिलं नाही. नातीला घेऊन ती माझ्याच इमारतीखाली सुकी मासळी विकते. मी जागेचं भाडं घेत नाही म्हणून लोक मला दिलदार म्हणतात, आणि मीही म्हणू देतो. खालचा दुकानाचा एक गाळा आता रिकामा झालाय. तो काकीच्या नातीच्या नावावर करायचं मी ठरवलंय. नातवंडं काही वाईट नाहीत तुझी, पण ती विचारतात, "बाबा, काकीलाच का? एवढं काय टेन्शन घेतलंय तिचं?" रास्त आहे त्यांचं विचारणं.

उत्तर द्यायला बसलो आणि चष्माच पुसत राहिलो. कारण बांधाची ही गोष्ट मी त्यांना लहानपणापासून सांगत आलोय. फक्त माझ्या गोष्टीत तुझ्या आणि काकीच्या मधे मीही उभा असतो, गुडघाभर चिखलात, पाट्या पुढं सरकवत. काकीनं ती दोन-तीनदा ऐकलीय. दर वेळी मान खाली घालून ती मासळी निवडत राहते. गाळ्याचे कागद तयार आहेत, सही तेवढी राहिलीय. मी त्या दिवशी बांधावर नव्हतो, हे पोरांना मी अजून सांगितलेलं नाही.