लाडूचा डबा बंदच हाय

प्रिय आई, पुण्याच्या तालमीतून तुझ्या सायलीचा नमस्कार.

फोन वस्तादांकडं जमा हाय, म्हणून दुपारच्या गाडीनं गावी निघालेल्या बजरंगमामाच्या हाती चिठ्ठी देते.

तुझे डिंकाचे लाडू पोचले. एरवी सरावाआधी केळं, सरावानंतर दूध-अंडी, सगळं मिळतंय. फक्त उद्या सकाळी वजन होईस्तोवर पाणीबी घोटभरच. कुस्तीच्या माझ्या गटापेक्षा अर्धा किलो जास्त भरतंय. जीभ टाळूला चिकटती, पण मी बरी हाय.

मामा म्हणले, मी जिंकस्तोवर तू उपास धरलाय. कशापायी? बीपीची गोळी उपाशीपोटी घेतीस? लई राग आला मला. वजन माझं उतरायचंय, तुझं न्हाई.

वजन झालं की फोन मिळंल. तू जेवलीस म्हणलीस, तरच डबा उघडीन. न्हाईतर कुस्तीला उपाशीच उभी राहीन.

तुझ्यासारखीच हट्टी,
सायली