टोपलीखालचा दिवा

९ डिसेंबर, आष्टी

सरस्वतीबाई नाही म्हणाल्या! तेही चहाची कपबशी माझ्या हातात देऊन.

अख्खं घर दिलंय त्यांनी शूटिंगला. टीव्ही, कॅलेंडर, स्टीलची मांडणी सगळं बाहेर काढलं, तरी तक्रार नाही. खाटही काढली – खाट नसली की खोली एकदम पोरकी दिसते. अडलं ते दिव्यावर. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात, सकाळी पिठात कशाचं पाऊल उमटलं त्यावरून गेलेल्याचा पुढचा जन्म ओळखतात – तो दिवा. माझी नायिका ऊसतोडीवरून परत येते, नवरा गेलेला, आणि अंधारात तेवढाच उजेड. हा सिनेमा मी या एका प्रसंगासाठी लिहिलाय.

"माही लेकरं उसात हायेत," बाई म्हणाल्या. "जित्या घरात असला दिवा लावू न्हाई."

१० डिसेंबर

शाळेच्या हॉलमध्ये प्लायवुडची भिंत उभी करून पाहिली. भिकार! कॅमेरामन महांतेश परळीचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "ताई, हे घर न्हाई, दुकान वाटायलंय." खरंच. बाईंच्या भिंतीवर चुलीच्या धुराची वर्षानुवर्षांची काजळी आहे, ती उजेड पिऊन टाकते. आमची रंगवलेली भिंत नुसती चमकते.

दुसरं घर कोण देणार? मी तरी दिलं असतं का? चिडचिड नुसती.

११ डिसेंबर

निर्मात्याचा फोन. उद्या उरका, नाहीतर तो प्रसंग गाळा. गाळा म्हणे! मग उरलं काय?

शेवटची खटपट म्हणून बाईंना गोष्ट सांगितली. भाकरी थापता थापता ऐकत होत्या. एकच विचारलं – "मंग तिच्या घरी दिवा लावला कुणी?"

"शेजारणीनं," मी म्हणाले.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. संपलं बहुतेक.

१२ डिसेंबर

सकाळी स्वतःच आल्या. "लावा. पीठ मी चाळून देते." का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दाराखिडक्यांना घोंगड्या लावल्या, माळवदाचा झरोका बुजवला. भर दुपारी मिट्ट काळोख. जाड वातीची पणती, बाकी एक दिवा नाही. टोपलीच्या विणीतून उजेड निसटला आणि काळ्या भिंतीभर ठिपके थरथरायला लागले. नायिका दारात उभी राहिली, मग वाकली, टोपली उचलली, पुन्हा झाकली. पहिल्याच फटक्यात ओके.

आवरायला लागलो तेवढ्यात बाहेर बसलेल्या बाई आत आल्या. टोपलीवर हात ठेवला. "आजच्या रातीला राहू द्या त्याला."

त्यांचे मालक गेले तेव्हा त्या फडात ऊस तोडत होत्या. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. "दिवा कुणी लावलाच न्हाई वो ताई."

मला रडू आलं. टोपली न हलवता, पणती तशीच तेवत ठेवून आम्ही सगळे बाहेर पडलो.

१३ डिसेंबर

बाईंनी सकाळी टोपली उचलली. पिठात पाखराचं पाऊल. "पाखरू झाले मालक! सुटले!" फडात लेकाला फोन लावून सांगितलं, आळीभर सांगून आल्या, आम्हा सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

ते पाऊल काल शॉटसाठी मी काडीने काढलं होतं.