भेटीच्या कार्डावरचं पहिलं नाव

असियूत, मुलींचं वसतिगृह, इमारत चौथी
शनिवार, ९ मार्च २०१९

प्रिय आई,

सलाम. तू कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? जिरजात अजून थंडी आहे की पंखे लागले? तुझी धाकटी शहद आता शाळेत जायला लागली असेल. हमदानमामाने पत्त्याबरोबर तुझा फोन नंबरही दिलाय, पण फोनवर तू रडायला लागशील आणि मी गप्प बसेन, म्हणून पत्रच लिहिते.

आधी बातमी सांगते, नाहीतर ती माझ्या पोटात राहायची नाही. बुधवारी मला एकवीस वर्षं पूर्ण झाली. आमच्या इथे एकवीस झाली की भेटीचं कार्ड मुलीला स्वतः भरता येतं. तोवर ते वडील भरतात. बाबांनी पहिल्या वर्षी चार नावं लिहिली होती: ते स्वतः, आजी आणि दोन्ही आत्या. त्या कार्डावर नाव नसलेल्या माणसाला गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. गुरुवारी पहिलं लेक्चर बुडवून मी मिस कौसरच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. ती आमची रेक्टर.

"वाढदिवस झाला नाही तोच आलीस? कुणाला आणायचंय?"

"आईला."

तिने चष्मा खाली ओढला. "इतकी वर्षं कुठे होती ही आई?"

"जिरजात."

"जिरजा काय अमेरिकेत आहे? सकाळच्या गाडीत बसलं की दुपारच्या आत माणूस इथे."

नवं कार्ड घेतलं आणि सगळ्यात वर तुझं नाव लिहिलं. घाईत एका अक्षरावरचा ठिपका भलतीकडेच पडला. तिने त्यावर शिक्का मारला. मी तीन जिने पळत वर आले आणि सफीनाजला मिठी मारली. सफीनाज माझ्या खोलीत राहते. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुझी आई बदक कसं करते, भरलेलं की नुसतं भाजलेलं?"

तर आई, एकवीस तारखेला, आपल्याकडे मातृदिन असतो त्या गुरुवारी, तू ये. भेटीची वेळ दहा ते पाच आहे. ओळखपत्र आण. शहदलाही आण, बारा वर्षांखालच्या मुलींना नाव लागत नाही. बदक चालतं, पण शिजवलेलंच, कच्चं मांस गेटवर काढून घेतात. फतीरची पोळी आण, पदरापदरात तूप सढळ हाताने घाल. जुनं चीज मात्र नको, मागच्या वर्षी एकीच्या बरणीमुळे अख्खा मजला दोन दिवस नाक धरून होता. सुरी, इस्त्री, स्टोव्ह, मांजर, सगळ्याला बंदी आहे. मांजर यादीत कशी आली ते आल्यावर सांगेन. आणि पाणी उकळायची ती तारेची कॉईल अजिबात आणू नकोस. आमच्याकडे एक आहे, सफीनाजच्या बुटात.

मागच्या वेळी तू ती फतीरच्या घडीत लपवून आणली होतीस. गेटवरच्या रजबकाकाने टोपली तपासताना ती निघाली, तेव्हा तू म्हणालीस, "पोरीला सकाळी चहा लागतो, गरम." ही गोष्ट आमच्या इमारतीत अजून सांगतात. मीही हसते. ती कुणाची आई होती, ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मामा म्हणाला की तू अजून रजबकाकाला शिव्या देतेस, त्याने पोरीला निरोपच दिला नाही म्हणतेस. आई, त्याला शिव्या देऊ नकोस.

त्याने निरोप दिला होता. कार्डावर नाव नसलं तरी बाईमाणसाला अर्धा तास गेटबाहेरच्या बैठकीच्या खोलीत बसता येतं, मुलीने फक्त चिठ्ठीवर सही करायची. ती चिठ्ठी घेऊन मिस कौसर स्वतः वर आली होती. नाव: निअमत. नातं: आई. मी वाचलं आणि म्हणाले, "मी सही करणार नाही." मग खिडकीशी उभी राहिले. तू दोन तास समोरच्या फुटपाथच्या कडेवर बसून होतीस, टोपली मांडीवर, फडकं बांधलेलं. ऊन सरकलं तशी तू सरकलीस. शेवटी टोपली रजबकाकाच्या हातात देऊन निघालीस. मी खाली आले नाही.

नियम आडवा आला नव्हता, आई. मीच आडवी आले होते. तू दुसरं लग्न करून गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. आजी म्हणायची, येईल शुक्रवारी. मी किती शुक्रवार दारात बसले ते मोजलं नाही. मला वाटलं, एकदा तुलाही कळू दे दारात बसणं म्हणजे काय. ते वाटलं तेव्हा बरंही वाटलं. नंतरची अडीच वर्षं नाही वाटलं.

गुरुवारी नवं कार्ड लावायला मिस कौसरने माझी फाईल उघडली, तर ती बिनसहीची चिठ्ठी आतच होती. ती म्हणाली, "हे मी बोलणार नव्हते. पण त्या दिवशी मी खाली जाऊन मुलगी नाही म्हणते असं सांगितलं, तेव्हा त्या बाईने मला एकच विचारलं, पोरगी नीट जेवते का. मी म्हटलं, दोनदा वाढून घेते."

म्हणजे तिने तुला नाही म्हणून सांगितलं होतं. तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू सगळ्यांपुढे शिव्या रजबकाकालाच देत राहिलीस, माझं नाव पुढे येऊ नये म्हणून. हे आत्ता, लिहिता लिहिता माझ्या लक्षात येतंय. पाच मिनिटं पेन बाजूला ठेवावं लागलं.

बाबांना मी कार्डाचं सांगितलं. ते म्हणाले, "बदक ती चांगलं करायची."

सोबत ती चिठ्ठी पाठवतेय, मिस कौसरकडून मागून घेतली. आज मी तिच्यावर सही केली. रजबकाका म्हणतो, जुनी चिठ्ठी गेटवर चालत नाही. न चालू दे. तुझ्याकडे असू दे.

एकवीस तारखेला मी खिडकीत नसेन. दहा वाजल्यापासून त्याच फुटपाथच्या कडेवर बसेन. तू आली नाहीस तर तक्रार करणार नाही, पाचपर्यंत बसेन, ऊन सरकेल तशी सरकेन. पण ये, आई. मी खूप आनंदात आहे आणि मला खूप भीती वाटतेय.

नाव: इब्तिहाल
नातं: मुलगी