सतारीच्या तारेखालचा दोरा

कर्जत, मार्गशीर्ष वद्य पंचमी

खालापूरच्या कारागिराने सौ.ची सतार आठवडाभर ठेवून घेतली आणि परत दिली ती मुकी. मध्यमाच्या पडद्यावर तार खरखरायची, एवढंच दुखणं. शहाण्याने तारेखाली दोरा कोंबला! खरखर गेली, सूरही गेला. वर म्हणतो, "शेट, सतार ठीक हाय, तुमच्या कानात खोट हाय." माझ्या? ओंडका ठोकून आतली पोकळी ओळखतो मी, त्यावर तर वखार उभी केली!

सौ.ने एकदा छेडली आणि परत खुंटीला टांगली. तेच झोंबलं. दोरा उपटून एकेक पडदा टिचकीने वाजवून पाहिला. मध्यमाच्या पुढचाच थरथरत होता, त्याला दांडीशी बांधणारी तात सैल; मध्यम दाबला की तार त्यालाच घासायची. करकचून बांधली.

"वाजव बघू गं."

"अहो, बोलली की ही!"

दोरा जपून ठेवलाय. खालापूरला गेलो की त्या गाढवाच्या कानात कोंबीन.