शेरा नसलेला नकाशा

६ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू नकाशा पाठवून तीन आठवडे होऊन गेले आणि मी पोचसुद्धा दिली नाही. तुझी वहिनी रोज विचारते की सख्ख्या भावाला दोन ओळी लिहायला हात दुखतो का. हात दुखत नाही. कागद घेऊन बसतो आणि तसाच उठतो.

इकडे सर्व ठीक. वहिनीचा गुडघा कुरकुरतो. माझा उजवा कान संपला, डावा अर्धा शिल्लक आहे, त्यामुळे मला फोनवर बोलावण्यात अर्थ नाही. पत्रच बरं.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा त्या व्याख्यानाला मला नेलंस, बरं झालं. एवढे इंजिनियर एका खोलीत पहिल्यांदाच पाहिले. आमच्या साइटवर एक आला तरी आम्ही हसणं थांबवायचो. ज्यांच्या डोक्यावर साहेब नाही आणि हाताखाली कारकून नाही, अशा एकेकट्यांनी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायचं, काही नवीन ऐकायचं, वहीत सही करून हजेरीचं प्रमाणपत्र न्यायचं, ही पद्धत चांगली आहे. तिसऱ्या रांगेतला, पाण्याच्या पाइपांची कामं करणारा पाइपवाला पाच मिनिटांत झोपला. त्यालाही दोन तासांचं प्रमाणपत्र मिळालं. मलाही मिळालं. दारातल्या माणसानं काही न विचारता हातात ठेवलं, नावाच्या जागी रेघ आणि रेघेपुढे अभियंता असं छापलेलं. मी सहावी नापास. तिथेच परत करायला हवं होतं, खिशात घातलं.

तुझं भाषण झकास झालं. एकट्यानं केलेली आकडेमोड दुसऱ्या कोणीतरी तपासली पाहिजे, म्हणून आता तू आणि त्या इंजिनियर बाई एकमेकांचे नकाशे तपासून सही करता, हे तू नीट समजावलंस. बाईही छान बोलल्या. मोठ्या कंपनीत तीस वर्षं होत्या म्हणे. दिसतंच, पाठ कशी ताठ. वीस वर्षं आपलं काम कोणी तपासलंच नव्हतं, बाई भेटल्या आणि डोळे उघडले, असं तू म्हणालास तेव्हा केवढ्या टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसून मीही वाजवल्या. घरी येऊन वहिनीला सांगितलं तर तिनं विचारलं की सवतीला बघून आलात का. तिला कशाचंही हसू येतं.

नकाशा सोबत परत पाठवतो आहे. या वेळी शेरा लिहिलेला नाही.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

नकाशा मिळाला. नेहमीप्रमाणे घाबरत घाबरत उलगडला. कोपऱ्यात तुमची ती जाड पेन्सिल असणारच, माणूस कुठे उभा राहणार, शिडी कुठे टेकवणार, पाणी साचलं तर कुठून उपसणार. एकदा तर तुम्ही नुसतं गाढवा एवढंच लिहून एक बाण काढला होता, आणि त्या बाणापाशी मला तासभर बसावं लागलं होतं. आणि या वेळी कागद कोरा! दोनदा उलटून पाहिला. बायकोला हाक मारून दाखवला. चाळीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाला माझ्या नकाशात बोट ठेवायला जागा सापडली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. भिंतीवर लावायच्या लायकीचा कागद आहे.

नकाशा जमिनीखालच्या पंपघराचा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. बाईंनी आकडे तपासून सही केली आहे, आणि तुमचा कोरा कागद आला म्हणजे दुहेरी पास. आता थांबायचं कारण नाही. पंप वरून उतरवून जागेवर बसवले आहेत, स्लॅबखालच्या फळ्यांचं सेंटरिंग ठोकून होत आलं, अठरा तारखेला स्लॅब टाकणार. उद्यापासून मी साइटवरच राहीन. तिथे फोन नाही.

व्याख्यानात तुम्ही टाळ्या वाजवताना मला दिसलात. इतक्या जोरात की पाइपवाला दचकून उठला. वहिनींचा गुडघा जपा.

तुमची माया मागून घ्यावी लागत नाही, तरी मागतो.

आपला
बारक्या


१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अ. आ.

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि तसाच तारघरात गेलो. स्लॅब थांबव, पत्र येतं आहे, अशी तार तुझ्या घरी केली आहे. तारेत कारण मावत नाही. खरं म्हणजे मावलं असतं, पण तारवाल्यासमोर सांगायची लाज वाटली.

कागद कोरा आहे तो मी लिहिलं नाही म्हणून. चूक पहिल्याच दिवशी दिसली होती. पंप वरून उतरवलेस, ठीक. स्लॅब टाकल्यावर एखादा पंप बिघडला तर बाहेर कुठून काढणार? जिना अडीच फुटी, त्यात मधोमध काटकोनात वळण. चार माणसं पंप घेऊन त्या वळणावर अडकतील, ना वर जाता येईल ना खाली. स्लॅबला उघडायचं झाकण कुठेच दाखवलेलं नाही. अशाच एका वळणावर माझ्या हाताखालच्या गवंड्याची तीन बोटं गेली होती. तो अजून डाव्या हातानं जेवतो.

पेन्सिल हातात घेतली होती, वळणावर टेकवलीही होती. तेवढ्यात तुझं ते वाक्य आठवलं. वीस वर्षं कोणी तपासलं नाही. मग मी कोण होतो? तू इथे राहत होतास तेव्हा जेवणं झाल्यावर जमिनीवर नकाशा पसरायचास, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचास, तो काय खेळ होता? मनात आलं, बघू दे बाईंना, मोठ्या कंपनीतल्या आहेत. आणि खरं सांगतो, त्यांना दिसू नये असंच वाटत होतं. त्या चुकाव्यात आणि तू धावत माझ्याकडे यावंस. तीन आठवडे रोज नकाशा उघडला आणि गुंडाळला. उशीर त्यामुळे झाला. काम एवढं पुढे गेलं असेल हे माहीत नव्हतं, पण हे म्हणजे चोरानं कुलूप साधंच होतं म्हणण्यासारखं झालं.

वहिनीला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. त्यानंतर बोललीही नाही.

प्रमाणपत्र सोबत परत करतो आहे. दोन तास बसलो खरा, पण शिकलो काही नाही.

रागावलास तरी चालेल, फक्त स्लॅब थांबला का ते एका शब्दात कळव.

तुझा
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

स्लॅब टाकलेला नाही. हे आधी, बाकी नंतर.

तार घरी आली, तिथून बायकोनं माणसाबरोबर धाडली, ती काल संध्याकाळी पोचली. त्याआधीच काम थांबलं होतं आणि ते बाईंनी थांबवलं. कागद फेकू नका, पुढे वाचा. सोळा तारखेला त्या साइटवर आल्या. मी तुमच्या वीस वर्षांच्या शेऱ्यांचं सांगत फुशारकीनं तुमचा कोरा नकाशा त्यांच्यापुढे धरला. त्या काही खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या की ज्याला वीस वर्षं प्रत्येक कागदात काही ना काही दिसलं, त्याला एकाच कागदात काही दिसू नये, याचा अर्थ कागद सुधारला असा नाही, माणूस रुसला आहे. मग त्यांनी नकाशा उजेडात तिरका धरला. जिन्याच्या वळणावर पेन्सिलीचा एक ठिपका होता, चांगला रुतलेला. मला तो दिसलाच नव्हता. बाई उठल्या, त्या वळणावर जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या की अरे, पंप बाहेर कसा काढणार. आपल्या आकड्यांत पंपाचं वजन होतं, पंप उचलणारा माणूस नव्हता, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. आता स्लॅबला झाकण ठेवतो आहोत.

तुमचं पत्र आज आलं. वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. कोणाची तरी बोटं गेली असती. मग चार वाट्यांपर्यंत आलो आणि राग पुरा करता आला नाही. तुम्ही घरचे, म्हणून तुम्हाला मी तपासणीत धरलंच नाही. भिंतीला काय कोणी आधार म्हणतं? ते वाक्य चारचौघांत बोललो होतो, पुढच्या व्याख्यानात चारचौघांतच मागे घेईन.

प्रमाणपत्र परत पाठवतो. अभियंता खोडून मुकादम लिहिलं आहे. बाई त्यांचाही एक नकाशा शेऱ्यासाठी तुमच्याकडे पाठवणार आहेत. मला ते फारसं रुचलेलं नाही. माझा आधी बघा.

राग संपला, लोभ तसाच आहे हे ओळखावं.

आपला
बारक्या


२५ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अ. आ.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. वहिनीही बोलायला लागली. पहिलं वाक्य सवतीची खुशाली विचारण्याचं होतं.

बाईंना ठिपका दिसला याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. झालं ते चांगलंच झालं, माणसं वाचली, पण तो माझा ठिपका होता आणि तुला दिसायला हवा होता. वळणावर हात पसरून उभं राहायचं, हे तू कॉलेजात असताना मी तुला शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलं, विचारून ठेव.

त्यांचा नकाशा परवा आला. नळीत घालून, सोबत आदराचं पत्र. मी तो न उघडता कपाटावर ठेवला. वहिनीनं विचारलं की पुन्हा तेच सुरू केलंत का. तसं नाही. आधी तुझा बघायचा असं ठरलं आहे आणि तुझा अजून आलेला नाही. पण काल रात्रीपासून डोळ्यासमोर ती नळीच आहे. तिकडेही कुठेतरी सेंटरिंग ठोकून झालं असेल आणि कोणीतरी माझ्या कागदाची वाट बघत असेल. एकदा उशीर करून पाहिला, पुन्हा करायची छाती नाही. तेव्हा तुझा नकाशा लगेच पाठव, नाहीतर त्यांचाच आधी बघा, मी रुसणार नाही, एवढ्या दोन ओळी तरी टाक. चार वाट्या घासून ठेवल्या आहेत. उद्याच्या टपालानं कळव.

तुझा
दादा