उजव्या बाजूचा खिसा

प्रिय अप्पा,

बैठकीत खुंट्यांवर करड्या रंगाचे सफारी ओळीने टांगलेत. हुबेहूब तुमचे. एक ओंकारचा, बाकीचे त्याच्या पुण्याच्या मित्रांचे. परवा त्याचं, म्हणजे तुमच्या नातवाचं, लग्न आहे आणि वरातीत सगळी पोरं तुमच्या वेषात नाचणार आहेत. दुपारी शिंप्याकडून गठ्ठा आला आणि ते टांगून झाले, तेव्हापासून मी त्या खोलीत पाय टाकलेला नाही. आईच्या खोलीत बसून तुम्हाला लिहितोय. ती शेजारी लसूण सोलतेय आणि कोणाला लिहितोस, हे अजून तिने विचारलेलं नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर जग पुढे गेलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. ते तुमच्याच काळात परत आलंय. मंगरूळपीर रोडच्या नव्या ढाब्याच्या दारात जातं मांडलंय. कोणी दळत नाही, शेजारी उभं राहून फोटो काढतात. वाशीमच्या मंगल कार्यालयाला प्लास्टरच्या कमानी आणि झरोके लावलेत. झरोक्यातून डोकावलं की मागचं टिनाचं शेड आणि जनरेटर दिसतो. आपल्या घरातली पितळेची घागर मी भंगारात घातली होती. तशीच एक तुमच्या सुनेने ऑनलाइन मागवली, छत्र्या ठेवायला. या सगळ्यावर मी पेपरात खवचट लेख लिहितो आणि लोक मला हुशार समजतात.

तर साखरपुड्याला ओंकारने जुन्या काळाची थीम ठेवली. प्रत्येकाने जुना वेष करून यायचं. मी तुमची लोखंडी पेटी उघडली आणि तुमचा सफारी चढवला. मला तो बरोबर बसला. पोटावरही बसला, हे तुम्हाला आवडणार नाही.

मग आग्रह झाला. तुमची नक्कल माझी ठेवणीतली, कुठल्याही कार्यक्रमात हमखास चालणारी. तहसिलीत टेबलापाशी बसलेले अप्पा. सगळ्या जगाचा खिसा डावीकडे, यांचा उजवीकडे. म्हणून पेन डाव्या हाताने काढायचं, क्षणभर न्याहाळायचं, आणि मग उजव्या हातात सोपवायचं, जणू फाइल या टेबलावरून त्या टेबलावर चाललीय. उजव्या हाताने ते लगेच घ्यायचं नाही, आधी थोडं अडवून धरायचं. यावर लोक टेबलं बडवतात. साखरपुड्यालाही बडवली. वेषाचं पहिलं बक्षीस मला मिळालं, भिंतीवरचं घड्याळ. आई पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सफारी पेटीत कोंबत होतो, तेव्हा ती म्हणाली, "नीट घडी घाल ना. आधीच एकडाव उसवलेला हाय तो."

"उसवलेला? म्हणजे?"

"वरून पार विटला होता. मंग तुह्या अप्पायनं तो उसवून आतली बाजू बाहीर घेतली अन् फिरून शिवला. मंग खिसा कोठी जाईन? दुसऱ्या अंगालेच जाईन ना. बटनं पाह्य, तेबी उलट्या अंगाले हायेत."

मी पाहिलं. होती. इतकी वर्षं मी तो खिसा विनोदाला वापरला आणि बटणं एकदाही पाहिली नाहीत.

"पण काहून? आत्याकडच्या लग्नात अप्पाले नवं सफारीचं कापड आलं होतं ना आहेरात?"

आईने सफारी माझ्या हातून घेतला. "त्याच्या तुले दोन बॅगी पँटी शिवल्या ना बाप्पा. कॉलेजात सगळ्यायले हायेत, मलेच नाही, म्हणून जेवत नव्हता तू. लय कापड खाल्लं त्या पँटीनं. वाशीमचे रस्ते झाडत फिरत होता."

आता ती ढगळ पँटसुद्धा परत आलीय, अप्पा. ओंकार घालतो. मागच्या महिन्यात मी तिच्यावरही लेख लिहिला.

तुम्ही बोलला का नाहीत? गणपतीच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा तुमची नक्कल केली तेव्हा तुम्ही समोर बसला होता. स्टेजवर जाण्याआधी तुम्हीच मला तुमचं पेन दिलं होतं. "हे घे, तुह्या पेनाची क्लिप ढिल्ली हाय, खिशातून पडन." आणि सगळ्यांत आधी तुम्हीच हसलात. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! बापावर विनोद करतो आणि बाप हसतो. तुम्ही तेव्हा नेमकं कशाला हसलात, हे आता मी कोणाला विचारू? तेवढी एक तक्रार तुमच्याकडे आहेच. घरी आल्यावर एक कानाखाली दिली असती, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण खरी लाज त्याची नाही. ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटता येईल. त्या सकाळनंतर मात्र ठाऊक होतं.

साखरपुड्याचे फोटो पोरांनी फिरवले. ओंकारच्या मित्रांना उजवा खिसा फार आवडला. काहीतरी वेगळं, त्या काळची हटके डिझाइन. "पप्पा, आम्ही सगळे हाच शिवतोय. खिसा उजवीकडेच पाहिजे." शिंप्याने दोनदा फोन करून विचारलं, खिसा चुकून तर सांगितला नाही ना? त्या दोन्ही वेळी मला तोंड उघडता आलं असतं. मी म्हणालो, "ते म्हणतात तसं करा."

आई एवढंच म्हणाली, "पोराले सांगशीन ना?" मी म्हटलं, सांगतो.

का नाही सांगितलं? खिशाचं सांगितलं की बॅगीचं सांगावं लागतं. मग माझी नक्कल कायमची संपते, आणि खरं सांगू का, मला तिचा मोह सुटत नव्हता. दुसऱ्याचं प्लास्टर नखाने खरवडून दाखवणं हा माझा धंदा. माझ्या घरातलं मी जपून ठेवलं.

आज तर त्याहून खाली गेलो. सफारी टांगता टांगता ओंकारने सहज विचारलं, "पप्पा, आजोबा पेन डाव्या हातानं का काढायचे? सवय होती काय?"

मी म्हणालो, "स्टाइल होती रे त्यांची."

तो खूश झाला. तिथेच खोटं पेन काढून दाखवलं त्याने, डाव्या हाताने, क्षणभर न्याहाळून. माझ्यापेक्षा चांगलं जमतं त्याला. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लसणाचं सुपडं उचललं आणि इकडे तिच्या खोलीत आली.

आणि अप्पा, हेही सांगून टाकतो. परवा वरातीच्या वेळी आईला मागे, पंख्याखाली बसवायचं मी ठरवलं होतं. तिला ऊन लागेल, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं, की ती पोरं नाचत येतील तेव्हा मला तिचा चेहरा दिसायला नको होता.

आता जातोय बाहेर. ओंकार तिथेच इस्त्री करत बसलाय. त्याच्या हातात तुमचा मूळचा सफारी देईन आणि आधी बटणं बघायला सांगेन. मग खिशाचं. मग त्या दोन बॅग्यांचं, आणि त्यात कोण मिरवलं त्याचंही. त्यानंतर पोरांनी तो घालायचा की नाही, हे त्यांनी ठरवावं. घातलाच, तर आपण काय घातलंय ते त्यांना ठाऊक असेल.

आई पहिल्या रांगेत बसेल, हा माझा शब्द. मी तिच्या शेजारी बसेन. आणि कोणी नक्कल करायला उठवलंच, तर हात मांडीवर ठेवून तुमची गोष्ट सांगेन. हसू आलं नाही तरी चालेल.

तुमचा,
दिलीप